बिल्ल्याच्या टेबलावरची बशी

कपाविना उरलेली बशी तुम्ही कधी पाहिली आहे का, मित्रांनो? मी तशी एक जुनी बशी आहे. पांढऱ्या चिनी मातीची, काठाला निळी रेघ, आणि मधोमध कप टेकावा म्हणून केलेला गोल खळगा. त्या खळग्यात कप काही फार दिवस टेकला नाही. कारखान्यातून आम्हाला गवतात गुंडाळून, लाकडी खोक्यात घालून आगगाडीने अकोल्याला पाठवलं. भुसावळला हमालांनी खोकं उतरवलं, म्हणजे वरून सोडलं. निघताना आम्ही जोडीनं निघालो होतो, पोचले मी एकटी.

अकोल्यात स्टेशनच्या रस्त्यावर शेषरावांचं 'विश्रांती भुवन' होतं. खाली संगमरवरी टेबलांचं हॉटेल, वर उतारूंच्या खोल्या. खोकं शेषरावांनी स्वतः उघडलं. फुटके कप बाजूला काढताना ते हसत होते. आचारी नत्थुजी दारात उभा होता. मालक हसायला लागले की नत्थुजी चुलीवरचं भांडं खाली उतरवून ठेवत असे, कारण त्यानंतर कोणाला तरी हाक यायची आणि ज्याला यायची तो लवकर परत यायचा नाही. त्या दिवशी हाक माझ्या वाट्याला आली.

"हिले फेकू नका," शेषराव म्हणाले. "हिच्यात बडीशेप ठेवा, अन् बडीशेपेखाली बिल. आपल्या पोरायचा पगार हिच्यातच हाय."

मला ते वाक्य कौतुकाचं वाटलं. नव्या भांड्याला सगळंच कौतुकाचं वाटतं. नंतर कळलं, त्यांनी ते हिशेबानं म्हटलं होतं. विश्रांती भुवनात वेटरांना दोन वेळचं जेवण मिळे, माळ्यावर झोपायला जागा मिळे, आणि बाकी गिऱ्हाईक माझ्यात जे टाकेल ते. गिऱ्हाइकाचं खाणं झालं की मी टेबलावर यायची. बोटं माझ्यात शिरायची, चिमूटभर बडीशेप उचलायची, बिलाचे पैसे ठेवायची आणि मग जराशी घुटमळायची. त्या घुटमळण्यावर कितीतरी घरच्या चुली पेटत होत्या. कोणाची घुटमळ लांबायची, कोणाची आखूड असायची. पण वऱ्हाडातला माणूस बशीत बोटं घालून कोरडा उठला, असं सहसा होत नसे. लोक बघतात ना!

वेटर तिघेचौघे होते, पण मी बहुतेक वेळा ज्याच्या हाती असायची तो देवमन. मूर्तिजापूरजवळच्या एका खेड्यातला, उंच, सावळा, बोलणं मोजकं. आदल्याच वर्षी त्याच्या घरच्यांनी नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेतली होती. मेलेली ढोरं ओढणं आणि सांजच्याला दारोदार भाकर मागणं त्यांच्या वस्तीनं त्या दिवसापासून सोडलं. गावानं त्यावर काही भांडण केलं नाही. नुसतं वावरातलं काम द्यायचं बंद केलं. गाव असं गप्प झालं की समजावं, काहीतरी ठरलं आहे. देवमन अकोल्याला निघून आला.

"हाटेलात आपुन कोणाले जात पुसत नाई," शेषरावांनी त्याला ठेवून घेताना सांगितलं. मग हसले. "अन् तूही सांगत फिरू नको."

देवमनची धाकटी बहीण इंदू अमरावतीला मास्तरणीच्या ट्रेनिंगला होती. राजापेठेत आणखी काही मुलींबरोबर खोली करून राहायची. वस्तीतून इतकी शिकलेली ती पहिलीच. तिचं राहणं-खाणं देवमनकडून जायचं, म्हणजे माझ्याकडून जायचं. ते थांबलं तर तिला गावाला परतावं लागलं असतं. गावात तिची वाट पाहणारे होते. बामनीन होऊ पाहणारी पोरगी पुन्हा वावरात निंदायला वाकलेली त्यांना पाहायची होती.

देवमनचा एक नेम होता. गिऱ्हाईक खूश होऊन हातावर नाणं ठेवायला लागलं की तो हात मागे घ्यायचा आणि म्हणायचा, "बशीत ठेवा, साहेब."

नत्थुजी एकदा त्याच्यावर खेकसला. "काहून बे? हातात घेतलं तं नाणं भाजते का तुले?"

"हातात घेतलं का ते मागितल्यासारखं होते, नत्थुजी. आमच्या बुढीनं भाकर मागाची टोपली जाळली. बशीत पडलं का तो कामाचा पैसा हाय."

"अन् बशी फुटली तं?"

देवमननं मला फडक्यानं पुसून फळीवर ठेवलं. मला मात्र त्या रात्रीपासून माझ्या काठाची काळजी वाटायला लागली.

दिवाळी झाली, कापसाच्या गाड्या बाजारात यायला लागल्या आणि रस्त्याच्या पलीकडे एक नवं लॉज उघडलं. तिथं प्रत्येक खोलीत पंखा होता. वऱ्हाडातल्या माणसाला पंखा दाखवला की तो जुनी ओळख विसरतो. शेषरावांची दोन-तीन जुनी गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून तिकडे गेली. शेषराव गल्ल्यावर बसून पाहत राहिले. मग एका सकाळी ते हसले, आणि नत्थुजीनं भांडं उतरवलं.

शेषरावांनी पितळी बिल्ले पाडून आणले होते. जो उतारू दर महिन्याला नेमानं विश्रांती भुवनातच उतरेल, त्याला बिल्ला. बिल्ला टेबलावर ठेवला की सकाळचा नाश्ता फुकट. पोहे, आलूबोंडे, चहा, पोट भरेपर्यंत. बिल नाही.

"फुकट," नत्थुजी चुलीशी पुटपुटला. "हा शबूद या घरात पयल्यांदाच आला. आता पाह्यजा, याचे पैसे कोणाच्या तरी बोडक्यावर बसन."

बिल्ला घ्यायला झुंबड उडाली. त्यात महादेवराव वकील होते. ते अमरावतीचे, खटल्यांच्या तारखांना अकोल्याला येत. कापसाचे दलाल शालिकराम होते. आणि लसी टोचायच्या सरकारी खात्यातल्या माणिकबाई होत्या, खेडोपाडी फिरून अकोल्यात मुक्कामाला येणाऱ्या. पहिल्या सकाळी हे सगळे जरा लाजतच बसले. फुकट खाताना माणूस सुरुवातीला लाजतो. ते फार टिकत नाही. शालिकरामांचं दुसऱ्या आलूबोंड्याला संपलं, महादेवरावांचं त्याआधी.

मग मी आले. बडीशेप घेऊन आले, पण खाली बिल नव्हतं.

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. पायाखाली विंचू निघाल्यावर पाहतात ना, तसं. बडीशेप तर हवी होती. ती घेतल्याशिवाय खाणं संपलं असं वऱ्हाडात कोणी मानत नाही. पण बोटं बशीत घातली की घुटमळणं आलं.

"आता हिच्यात काय टाकाचं?" शालिकरामांनी हळूच विचारलं. "रिवाज काय हाय, वकीलसाहेब?"

"रिवाज बिलावर असतो," महादेवराव म्हणाले. "रुपयाला आणा धरा. बिल शून्य. शून्याला किती आणे?"

"पण पोट्टा तं तेवढाच धावला ना? चहा दोनदा आणला त्यानं."

"हे पाहा शालिकराम, इथं आपण गिऱ्हाईक नाही. आपण शेषरावांचे पाहुणे आहोत. पाहुण्यानं यजमानाच्या घरात पैसे काढले तर यजमानाचा अपमान होतो."

"पाहुणा निघाला का गड्याच्या हातावर काही ठेवते ना, साहेब. माह्या सासुरवाडीले गेलो तं मी ठेवतो."

"निघताना! आपण कुठं निघालो? पुढच्या महिन्यात पुन्हा येणार."

युक्तिवाद बिनतोड होता. शालिकरामांनी मान डोलावली, बडीशेप उचलली आणि बोटं घुटमळू न देता बाहेर काढली. माणिकबाई मात्र हे सगळं ऐकत चहा पीत होत्या. त्यांनी कप ठेवला, पदराच्या गाठीतून नाणं काढलं आणि माझ्या मधोमध टाकलं. खणकन वाजलं.

"नाश्ता मालकाचा," त्या म्हणाल्या. "पायपीट याची. बिल असतं तर जितकं ठेवलं असतं तितकं ठेवलं. यात कायदा कुठून आला, वकीलसाहेब?"

महादेवराव हसले नाहीत. ते नाणं मला अजून आठवतं, मित्रांनो, कारण त्याच्या आवाजानंच पुढचं सगळं सुरू झालं.

बिल्ल्याची टेबलं वाढत गेली. शेषराव बिल्ले वाटत गेले, कारण बिल्लेवाल्याच्या खोलीचं भाडं त्यांनी गुपचूप वाढवलं होतं. फुकटचं खाणारा भाड्याकडे पाहत नाही. मालकाचा गल्ला भरला, उतारूंची पोटं भरली, आणि मी रिकामी राहायला लागले. माणिकबाई आल्या तरच माझ्यात काही वाजायचं. पैसे देऊन खाणारी टेबलं कोपऱ्यात सरकली, मग कोपराही गेला. एक वेटर भुसावळच्या रेल्वे कँटीनमध्ये निघून गेला. दुसरा कोणाला न सांगताच गेला, त्याची चटई माळ्यावर तशीच गुंडाळलेली राहिली. उरला देवमन. इंदूचं ट्रेनिंग अजून वर्षभर बाकी होतं. त्याला जाता येत नव्हतं.

"इंदीची परीक्षा होऊ दे," तो नत्थुजीला म्हणायचा. "मंग मी समोरच्या लाजमंदी जातो. तिथं पंखे हायत, पण बिल्ले नाई."

"तोवर काय खाशीन?"

"तुमचे जळके पोहे."

"लेका, माहे पोहे जळत नाई! मालकानं तेल कमी केलं!" नत्थुजी झारा उगारायचा. मग आपल्या वाटणीचं काहीतरी त्याच्या ताटात सरकवायचा आणि तोंड फिरवून चूल फुंकत बसायचा.

एप्रिलात जयंतीची मिरवणूक निघाली. देवमन निळा झेंडा घेऊन पुढे चालला होता. महादेवराव त्या दिवशी तारखेसाठी अकोल्यातच होते. वरच्या खोलीच्या खिडकीतून ते मिरवणूक बघत होते. झेंडा कोणाच्या हातात आहे, हे त्यांनी पाहिलं. दुसऱ्या सकाळी त्यांनी पोहे खाल्ले, आलूबोंडे खाल्ले. प्लेट धरण्याची त्यांची पद्धत तेवढी बदलली. देवमननं धरलेली बाजू टाळून ते दुसऱ्या बाजूनं प्लेट ओढून घ्यायला लागले. खाणं कमी केलं नाही. बशी असूनही मला त्यांच्या बोटांची भीती वाटायला लागली.

त्यानंतर ते गल्ल्याशी गेले.

"शेषराव, ती बशी समोर आली की नाश्ता फुकट वाटत नाही. ती माणिकबाई त्यात टाकते, आणि सगळं हॉटेल आमच्याकडे पाहतं. ही सक्ती झाली. पलीकडच्या लॉजवाला मला परवाच बोलावत होता."

शेषराव हसले. दुसऱ्या दिवशी भिंतीवर पाटी लागली. बिल्लाधारकांच्या टेबलावर बशी नेऊ नये. बिल्लाधारकांकडून काहीही घेणारा नोकर त्याच दिवशी काढून टाकण्यात येईल.

माझी रवानगी मुदपाकखान्यातल्या फळीवर झाली. पालथी. पालथ्या बशीला अंधार दिसतो आणि आवाज मात्र सगळे ऐकू येतात. मी ऐकत पडले. जे दिसलं नाही ते नत्थुजीच्या रात्रीच्या पुटपुटण्यातून कळायचं. माणिकबाई आल्या. "बशी कुठं गेली रे?" त्यांनी विचारलं. देवमननं पाटीकडे बोट केलं. त्यांनी नाणं त्याच्याकडे धरलं असावं, कारण पदराची गाठ सुटल्याची किणकिण झाली. मग देवमनचा आवाज आला, "हातात नाई घेत, बाई." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. माणिकबाई त्यानंतर समोरच्या लॉजमध्ये उतरायला लागल्या. त्या भल्या होत्या, पण भल्या माणसांना रस्ता ओलांडता येतो.

शालिकरामांनी एकदा जिन्याखाली देवमनला गाठून नाणं त्याच्या खिशात कोंबायचा प्रयत्न केला. "घे ना गड्या, कोणी पाहून नाई राहिलं!"

"म्हूनच नाई घेत, शेठ."

शालिकराम खरंच दुखावले. आपण इतकं चोरून द्यायला आलो आणि हा घेत नाही!

आता बडीशेपेचा प्रश्न उरला होता. बशी नाही, पण बिल्लेवाले बडीशेपेविना उठेनात. शेषरावांनी हुकूम दिला, "हातावर नेऊन दे." काही दिवस सोपं गेलं. शालिकरामांसारखे लोक देवमनच्या तळव्यावरून चिमूट उचलायचे. कोणी उचलताना दुसरीकडे पाहायचे, पण उचलायचे. ज्या माणसानं नाणं घेताना कधी हात पुढे केला नव्हता, त्याचा हात आता देण्यासाठी पुढे होत होता.

मधल्या तारखांना महादेवराव बडीशेपेची वाट न पाहताच घाईनं कोर्टात जात. मग थंडीत ते एका मोठ्या खटल्यासाठी मुक्कामाला आले.

हॉटेल भरलेलं होतं. महादेवरावांचं खाणं झालं. देवमन त्यांच्यापुढे उभा राहिला आणि तळहात पुढे केला. त्यावर बडीशेप होती. नत्थुजीनं झारा थांबवला असावा, कारण तळणीचा आवाज तेवढा उरला.

"हे काय?" महादेवराव म्हणाले.

"बडीशेप, साहेब."

"बशीत आण."

"बशीले बंदी हाय, साहेब. तुमीच लावली."

कोणीतरी चहाचा घोट गिळला, तोही मला ऐकू आला. मित्रांनो, महादेवरावांपुढे केवढा पेच पडला होता पाहा. बशी मागवली तर नाणं टाकावं लागतं. नाणं टाकायचं नसेल तर त्या तळव्यावरून उचलावं लागतं. दोन्ही गोष्टी त्यांच्या वाडवडिलांनी कधी केल्या नव्हत्या. ते बराच वेळ त्या तळव्याकडे पाहत राहिले. हात हलला नाही, ना त्यांचा, ना देवमनचा. शेवटी महादेवराव आलूबोंड्यांचं पोट सांभाळत उठले आणि बडीशेप न खाता गल्ल्याकडे गेले. तिथं ते फार हळू बोलले. मोठ्यानं बोलले असते तर बरं झालं असतं.

दुपारी शेषराव मुदपाकखान्यात आले, हसत.

"देवमन, वकीलसाहेब उद्या सकाळी शेवटचा नाश्ता इथं करणार. आवडला तं बिल्ला ठेवणार, नाई तं त्यायच्या मागं सगळे वकील समोर जाणार. त्यायच्यासाठी बशीची बंदी मी उठवली. उद्या बशीत बडीशेप नेजो. त्यायच्या पायाले हात लावून म्हणजो, साहेब, चूक झाली. बस. नाई जमलं तं सांजच्या गाडीची वेळ पाहून ठेव."

"पायाले हात लावला तं चालन त्यायले?" देवमननं विचारलं.

शेषराव जरा विचारात पडले. "दुरूनच लाव," ते म्हणाले.

ते गेल्यावर नत्थुजीनं मला फळीवरून काढलं, राखेनं घासलं आणि खंगाळताना न पाहता म्हणाला, "लाव ना लेका. पाय म्हणजे काय, हाड अन् कातडं. इंदीची परीक्षा दोन पावलांवर आली."

"तिलेच काय सांगू मंग? मास्तरीन झाली का पोरायले काय शिकवू, हे पुसन ती मले."

"तिले कोण सांगते!"

"ते कोणाले सांगा लागत नाई, नत्थुजी. माणसाच्या चालीत दिसते."

सकाळ झाली. महादेवराव आपल्या टेबलावर बसले. आसपासच्या टेबलांवर सगळे बिल्लेवाले होते, रोजच्यापेक्षा लवकर आलेले. माणसाला पायाशी वाकलेलं बघायला लोक वेळेवर येतात. महादेवरावांनी पोहे सावकाश खाल्ले, पुन्हा मागवले. मी नत्थुजीच्या हातून देवमनच्या हातात आले. माझ्यात बडीशेप होती. दारातून बाहेर पडण्याआधी त्यानं सदऱ्याच्या खिशातून स्वतःचं एक नाणं काढलं आणि बडीशेपेवर ठेवलं.

त्यानं मला महादेवरावांपुढे ठेवलं. वाकला नाही.

"बशी आली का त्यात काही पडावं लागते, साहेब," तो म्हणाला. "तुमाले तरास नको म्हून मीच टाकलं."

आणि दोन पावलं मागे सरून, हात पाठीशी बांधून उभा राहिला.

त्यानं ते लाज वाटावी म्हणून ठेवलं होतं. हे मला समजलं, नत्थुजीला समजलं, मुदपाकखान्यातल्या मांजरालाही बहुधा समजलं असेल. पण महादेवराव वकील होते. वकिलापुढे नाणं ठेवलं तर ते त्याला नुकसानभरपाईचंच वाटतं. काल बडीशेप चुकली, मालकानं आज भरपाई पाठवली, रीतसर झालं. त्यांनी चिमूटभर बडीशेप तोंडात टाकली, नाणं उचललं, उलटसुलट पाहिलं आणि कोटाच्या खिशात घातलं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पुढे काळजी घ्या."

एवढ्यावर संपलं असतं. पण शेजारच्या टेबलावर शालिकराम होते. चांगला माणूस, पण बिल्लेवाला.

"अबे देवमन," ते म्हणाले, "आमची कुठं हाय?"

"काय, शेठ?"

"बशी! पैशावाली! वकीलसाहेबाले मिळाली, आमाले काहून नाई? बिल्ला तं एकच हाय ना?"

मागच्या टेबलावर कोणीतरी बिल्ला संगमरवरावर आपटला. मग दुसऱ्यानं. मग सगळं हॉटेल पितळ आपटायला लागलं. त्या दणक्यांनी टेबल हादरलं, आणि माझ्या काठापासून खळग्यापर्यंत बारीक तडा गेला. कोणाला ऐकू आला नाही.

शेषराव गल्ल्यावरून उठले. मी त्यांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी एका ताटात नाणी ओतली आणि स्वतः टेबला-टेबलापाशी जाऊन वाटली. "घ्या, घ्या, राजेहो, तुमचंच हाय." सगळ्यांनी घेतली. जे पुरतं वर्षभर एक नाणं ठेवायचं कसं या विचारात होते, त्यांना घ्यायला एक क्षण लागला नाही. त्या सकाळी अकोल्यात गिऱ्हाइकांनी मालकाकडून बक्षिसी घेतली, आणि तीही हातात.

हॉल रिकामा झाल्यावर शेषराव देवमनकडे वळले. चेहऱ्यावर हसू तसंच होतं, फक्त आता ते त्यांच्या कामाचं राहिलं नव्हतं.

"आता रोज मागतीन हे."

"मी काही घेतलं नाई, मालक. पाटीवर घ्याची मनाई हाय."

"म्हूनच काढून राहिलो तुले. घेणाऱ्याले मी समजू शकतो." त्यांनी मला उचललं, उजेडाकडे धरून तडा पाहिला. "अन् ही अवलक्षणी घेऊन जा. तुह्याच्यानंच गेली."

नत्थुजीनं पोह्यांची पुरचुंडी बांधून दिली. "यात तेल बराबर हाय," एवढं म्हणाला.

अकोला सोडताना देवमननं पंख्याच्या लॉजमध्ये काम विचारलं. तिथं मालकानं सकाळची हकीकत ऐकली होती. त्यानं नकारार्थी मान हलवली. शिवाय, तो म्हणाला, आपणही बिल्ले काढणार आहोत, लोक मागताहेत.

देवमन अमरावतीला आला आणि कापसाच्या जिनात लागला. हंगाम भरात होता, माणसं हवीच होती. तिथं रेच्याची यंत्रं फिरतात, सरकी वेगळी होते आणि हवा पांढरी होते. संध्याकाळी तो राजापेठेत इंदूच्या दारात यायचा तेव्हा भुवयांवर, केसांवर कापूस असायचा. मुली हसायच्या, "इंदे, तुझा दादा म्हातारा झाला!" तोही हसायचा आणि हसता हसता खोकायचा. मी खिडकीत होते, साबण ठेवायला. खोकला मी पहिल्या दिवसापासून ऐकला. आधी तो दारापाशी थांबायचा. मग खोलीत यायला लागला. मग देवमन नसतानाही खोलीत असल्यासारखा वाटायला लागला.

"दादा, उद्या नको जाऊ," इंदू म्हणायची.

"पेपर किती राह्यले?"

"दादा, मी विचारून राहिली ते वेगळं हाय."

"मी विचारून राहिलो ते सांग."

ती उत्तर द्यायची, आणि तो जायचा.

इंदू पास झाली. मूर्तिजापूरच्या बाजूला एका खेड्यात तिला शाळा मिळाली. अरुंद रुळांवरच्या लहान गाडीनं ती भावाला तिकडे घेऊन गेली, मला पेटीत कपड्यांच्या घडीत ठेवून. गावात तिला आता इंदूबाई म्हणतात. पोरं तिला घाबरतात आणि तिच्यावर जीव टाकतात. देवमन ओट्यावर बसतो. त्याला चढ चढवत नाही, दोन वाक्यं एका दमात बोलवत नाहीत. डॉक्टरनं छातीला नळी लावून विचारलं, जिनात किती वर्षं होता? देवमन म्हणाला, एकच हंगाम. डॉक्टर काही बोलला नाही. मागे सांगितलं ना, असं गप्प राहणं मला ओळखू येतं.

आता मला थोडं मागायचं आहे, मित्रांनो. माझ्यासाठी नाही. माझा तडा वाढतो आहे, एक दिवस कोणाच्या तरी हातात मी दोन होईन, ते चालायचंच. पण विश्रांती भुवन अजून चालू आहे म्हणे, समोरचं लॉजही, आणि अमरावतीलाही तसं एक निघालं आहे. बिल्ले सगळीकडे झाले आहेत. तुम्ही मोठे व्हाल, गावोगाव फिराल, कुठल्या ना कुठल्या मालकाचं नेहमीचं गिऱ्हाईक व्हाल. एखाद्या सकाळी तुमच्यापुढे गरम पोहे येतील आणि बिल येणार नाही. तेव्हा बिल आलं असतं तर जितकं ठेवलं असतं, तितकं ठेवा. शून्याचा हिशेब करत बसू नका, वकिलाला विचारू नका. फेकू नका, खिशात कोंबू नका, जिन्याखाली गाठू नका. बशीत ठेवा. बशी नसेल तर मोठ्यानं मागा, सगळ्यांना ऐकू जाईल अशी मागा, आणि ती येईपर्यंत उठू नका.

टेबलापासून दोन पावलांवर एक माणूस हात पाठीशी बांधून उभा असेल. आज सकाळीही कुठंतरी उभा आहे. त्याच्या हाताकडे कोणी पाहत नाही. तुम्ही पाहा. लवकर पाहा, कारण अशी माणसं फार दिवस उभी राहत नाहीत, आणि ती कुठे गेली हे मग मालक हसत हसत सांगतो.